एसजीपीटी नॉर्मल, सोनोग्राफीत ग्रेड २: लठ्ठपणातलं फॅटी लिव्हर रक्तातून कसं वाचायचं

प्रश्न थोडक्यात असा. वय ४६, पुरुष, उंची १६८ सेंमी, वजन ९१ किलो, कंबरेचा घेर १०६ सेंमी, दारू नाही. सोनोग्राफीत ‘ग्रेड २ फॅटी लिव्हर’ आलंय. रक्तात लिव्हरची एन्झाइम: एसजीओटी ३६, एसजीपीटी ३८ (लॅबने वरची मर्यादा ४५ छापली आहे), जीजीटी ५२, ट्रायग्लिसराइड २१२, उपाशीपोटी साखर १०८, अल्ब्युमिन ४.३, प्लेटलेट १.६८ लाख. रिपोर्टात लिव्हरच्या रकान्यात ठळक छापलेलं काहीच नाही, म्हणून लिव्हर ठीक आहे असं समजायचं का? आणि हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये फॅटी लिव्हरचे ‘ॲडव्हान्स्ड मार्कर’ सुचवलेत, ते करून घ्यावेत का?

पहिल्याचं उत्तर: नाही, एवढ्यावरून तसं समजता येत नाही. दुसऱ्याचं: आत्ता नको. तुमच्या हातातल्या रिपोर्टात कामाचं बरंचसं आधीच आहे, फक्त ते एकेक आकडा सुटा धरून वाचलं गेलंय.

रक्ततपासणीला इथे दोन वेगळे प्रश्न विचारता येतात. लिव्हरमध्ये चरबी आहे का, हा एक. त्या चरबीपायी सूज येऊन लिव्हरमध्ये व्रण धरायला लागलाय का, म्हणजे फायब्रोसिस आहे का आणि किती, हा दुसरा. पुढे सिरॉसिस होणार का, लिव्हरचा कॅन्सर होण्याचा धोका किती, आयुष्य किती घटणार, हे सगळं दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर ठरतं. सोनोग्राफीतली ग्रेड १, २, ३ ही चरबीची ढोबळ प्रत आहे, व्रणाची नाही. ग्रेड ३ असून फायब्रोसिस शून्य असलेले लोक भरपूर असतात. उलट सिरॉसिसपर्यंत पोचलेल्या लिव्हरमधली चरबी कमी होत जाते, त्यामुळे ‘आधी ग्रेड २ होतं, आता ग्रेड १ आलं’ ही दरवेळी आनंदाची बातमी नसते.

आता एसजीपीटीबद्दल. याला एएलटी म्हणतात, एसजीओटीला एएसटी. लिव्हरच्या पेशीला इजा झाली की हे एन्झाइम रक्तात गळतात. लॅब ४०-४५ ही मर्यादा छापते ती ‘वरवर निरोगी’ माणसांच्या तपासण्यांवरून काढलेली असते, आणि त्या निरोगी लोकांत न कळलेलं फॅटी लिव्हर असलेलेही बसलेले असतात. ते वगळून मोजलं तर पुरुषांत वरची मर्यादा साधारण ३० ते ३३ आणि बायकांत १९ ते २५ इतकी खाली येते. त्या हिशेबाने तुमचं ३८ नॉर्मल नाहीच, किंचित वाढलेलं आहे. एखाद्या बाईचा एसजीपीटी ३४ असेल तर लॅबचा कागद गप्प बसतो, पण लठ्ठपणा आणि मधुमेह जोडीला असेल तर त्या ३४ कडे काणाडोळा करू नये.

आणि एसजीपीटी अगदी २२ असला तरी फॅटी लिव्हर नाही असं म्हणता येत नाही. हा आकडा त्या घडीला पेशी किती फुटताहेत एवढंच सांगतो. चरबी नुसती साठून असेल, सूज फारशी नसेल, तर तो वाढत नाही. व्रण खूप पुढे गेला आणि फुटायला पेशीच कमी उरल्या, तरीही तो खाली येतो. बिलिरुबिन, अल्ब्युमिन, पीटी-आयएनआर (रक्त गोठायला लागणारा वेळ) हे तर फार उशिरा हलतात. लिव्हरकडे राखीव ताकद इतकी असते की ते बिघडेपर्यंत वाट पाहणं म्हणजे सिरॉसिसची वाट पाहणं. तुमचं अल्ब्युमिन ४.३ आहे ही चांगली गोष्ट, पण त्यावरून मधल्या टप्प्यातलं फायब्रोसिस नाही असं म्हणता येणार नाही.

चरबी आहे का, हे रक्तावरून सांगणारे काही स्कोअर आहेत. फॅटी लिव्हर इंडेक्स सगळ्यात जास्त वापरला जातो. २००६ मध्ये इटलीतल्या अभ्यासातून तो आला. त्यात ट्रायग्लिसराइड, जीजीटी, बीएमआय आणि कंबरेचा घेर असे चार आकडे घालायचे. उत्तर ० ते १०० मध्ये येतं. ३० च्या खाली चरबीची शक्यता कमी, ६० किंवा जास्त असेल तर बरीच. तुमचा बीएमआय ३२.२ धरून उत्तर येतं ९१. दुसरा हेपॅटिक स्टिॲटोसिस इंडेक्स, कोरियातला. एसजीपीटी भागिले एसजीओटी, गुणिले ८, त्यात बीएमआय मिळवायचा, मधुमेह असेल तर २ आणि स्त्री असेल तर आणखी २. तुमचा येतो ४०.७, आणि ३६ च्या वर म्हणजे चरबी असण्याची शक्यता जास्त.

दोन्ही बरोबर बोलले, पण तुम्हाला नवीन काहीच सांगितलं नाही. सोनोग्राफीत चरबी दिसल्यावर हे स्कोअर काढण्यात अर्थ नाही. त्यांचा उपयोग जिथे शेकडो माणसं तपासायची आहेत आणि सोनोग्राफी सगळ्यांची करता येत नाही तिथे, किंवा सोनोग्राफी साफ आली पण शंका आहे अशा माणसात. कारण सोनोग्राफीला चरबी दिसायला साधारण २० ते ३० टक्के पेशींत ती साठलेली लागते, आणि निदान मात्र ५ टक्क्यांपासून सुरू होतं. फार लठ्ठ माणसात पोटाच्या चरबीच्या थरामुळे सोनोग्राफी आणखी अडखळते. शिवाय या स्कोअरमध्ये बीएमआय आणि कंबर आधीच घातलेली असल्यामुळे लठ्ठ माणसात उत्तर जवळजवळ नेहमी ‘आहे’ असंच येतं. सडपातळ पण पोट सुटलेल्या माणसात, जो आपल्याकडे भरपूर आढळतो, ते चुकून ‘नाही’ म्हणू शकतात.

निदानाचं नावही आता बदललंय. २०२३ पासून ‘नॉन-अल्कोहोलिक’ हा शब्द जाऊन मासल्ड हे संक्षिप्त नाव आलं, म्हणजे चयापचयाच्या बिघाडातून आलेलं फॅटी लिव्हर. त्यासाठी चरबीबरोबर पुढच्या पाचांतली एक गोष्ट पुरते: बीएमआय आशियाई लोकांत २३ किंवा जास्त (किंवा कंबर वाढलेली, भारतीय पुरुषात ९० सेंमीच्या वर आणि स्त्रीत ८० च्या वर), उपाशीपोटी साखर १०० किंवा एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ५.७ पासून पुढे, रक्तदाब १३०/८५ पासून पुढे, ट्रायग्लिसराइड १५० पासून पुढे, एचडीएल पुरुषात ४० आणि स्त्रीत ५० किंवा कमी. तुमच्याकडे तीन तर दिसतातच. दारूची अट मात्र कायम आहे: पुरुषाला आठवड्याला २१० ग्रॅम आणि स्त्रीला १४० ग्रॅम शुद्ध अल्कोहोलपेक्षा जास्त असेल तर हे नाव लागत नाही, वेगळा गट होतो. ‘दारू नाही’ म्हणताना बिअर धरली आहे ना, हे स्वतःला एकदा विचारा. बरेच जण बिअर मोजत नाहीत.

आता खऱ्या कामाचा आकडा, फायब्रोसिसचा अंदाज देणारा फिब-४. यासाठी वेगळी बाटली भरावी लागत नाही, पैसेही जास्त लागत नाहीत. वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट असले की झालं. २००६ मध्ये एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी दोन्ही असलेल्या रुग्णांसाठी तो बनवला होता, पण फॅटी लिव्हरमध्ये तो इतका उपयोगी ठरला की आज जगभरच्या मार्गदर्शक सूचनांत पहिली पायरी हीच आहे.

सूत्र: वय गुणिले एसजीओटी. हे वर. खाली प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. वरच्याला खालच्याने भागायचं.

तुमचं करून पाहू. ४६ गुणिले ३६ म्हणजे १६५६. एसजीपीटी ३८, त्याचं वर्गमूळ ६.१६. प्लेटलेट १६८. १६८ गुणिले ६.१६ म्हणजे साधारण १०३५. १६५६ भागिले १०३५ म्हणजे १.६.

इथे हमखास होणारी चूक प्लेटलेटच्या एककाची. आपल्या लॅब प्लेटलेट लाखात देतात, काही पूर्ण आकड्यात (१,६८,०००). सूत्राला हवा आहे १६८. म्हणजे लाखातल्या आकड्याला १०० ने गुणायचं. १.६८ तसाच घातला तर उत्तर १६० येतं आणि माणूस घाबरून जातो. १,६८,००० घातला तर शून्यापुढे दोन शून्यं येतात आणि तो निवांत झोपतो. ऑनलाइन कॅल्क्युलेटर वापरतानाही एकक बघूनच घाला. उत्तर ०.३ ते ६ च्या बाहेर गेलं तर आधी एकक तपासा.

वाचायचं असं: १.३ च्या खाली, पुढच्या टप्प्यातलं फायब्रोसिस असण्याची शक्यता कमी. २.६७ च्या वर, शक्यता बरीच, लिव्हरतज्ज्ञाकडे जा. मधलं सगळं अनिश्चित. खालची मर्यादा भरवशाची आहे, वरची तितकी नाही. म्हणजे ‘नाही’ हे उत्तर फिब-४ चांगलं देतं, ‘आहे’ हे उत्तर देताना मात्र खूप वेळा चुकतं. २.९ आलं म्हणजे सिरॉसिस झाला असं नाही. पुढची तपासणी टाळू नका, एवढाच त्याचा अर्थ.

हे चार आकडेच का? व्रण वाढला की लिव्हरमधून जाणाऱ्या रक्ताला अडथळा होतो, प्लीहा मोठी होते आणि प्लेटलेट तिच्यात अडकून पडतात. शिवाय प्लेटलेट बनवायला सांगणारं संप्रेरक लिव्हरच बनवतं, तेही घटतं. एसजीओटी रक्तातून काढून टाकण्याचं काम लिव्हरच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांतल्या पेशी करतात, ते मंदावतं, म्हणून एसजीपीटीच्या तुलनेत एसजीओटी वर सरकतो. साध्या फॅटी लिव्हरमध्ये एसजीपीटी जास्त आणि एसजीओटी कमी असतो. फायब्रोसिस वाढलं की पारडं फिरतं. तुमचे दोन्ही जवळजवळ सारखे झालेत आणि प्लेटलेट दीड लाखाच्या मर्यादेपासून फार लांब नाहीत. वेगवेगळं पाहिलं तर चारही आकडे ‘नॉर्मल’, एकत्र मांडले तर १.६.

वय हा या सूत्राचा सगळ्यात कच्चा दुवा. ७० वर्षांच्या माणसाचा एसजीओटी २४, एसजीपीटी २०, प्लेटलेट २ लाख असे निर्मळ आकडे असले तरी उत्तर १.८८ येतं, केवळ वयामुळे. म्हणून ६५ च्या पुढे खालची मर्यादा २.० धरतात. उलट २८ वर्षांच्या मुलाचा एसजीओटी ६०, एसजीपीटी ९०, प्लेटलेट २.२ लाख असला तर उत्तर ०.८०, म्हणजे ‘धोका नाही’, जे साफ फसवं असू शकतं. ३५ च्या आत फिब-४ वर विसंबू नका. तिथे एसजीपीटी सतत वाढलेला असेल तर थेट फायब्रोस्कॅन (लिव्हरचा ताठरपणा मोजणारी तपासणी) करावं.

रिपोर्ट कुठल्या दिवशीचा, कसा घेतलेला, यावर सगळं अवलंबून आहे आणि याच गोष्टीकडे सर्वांत कमी लक्ष दिलं जातं.

आपल्याकडचं पहिलं संकट डेंग्यू. डेंग्यूत प्लेटलेट पडतात आणि एसजीओटी चढतो, तोही एसजीपीटीपेक्षा जास्त. म्हणजे फिब-४ मधले दोन्ही काटे एकाच वेळी चुकीच्या दिशेला. चाळिशीच्या माणसाचा एसजीओटी १४०, एसजीपीटी ९०, प्लेटलेट ६० हजार असेल तर उत्तर ९.८. हे लिव्हरचं फायब्रोसिस नाही, तापाचा परिणाम आहे. पावसाळ्यात तापाच्या वेळी काढलेल्या रिपोर्टावर हा हिशेब करायचाच नाही. मलेरिया, टायफॉइड, नुसता व्हायरल ताप असला तरी नाही. बरं झाल्यावर किमान महिना-दीड महिना जाऊ द्या.

दुसरं, प्लेटलेटच्या गुठळ्या. सीबीसीच्या जांभळ्या झाकणाच्या बाटलीत ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असतं. काही लोकांच्या प्लेटलेट त्यात एकमेकींना चिकटतात आणि मशीन त्या मोजतच नाही. अंगात २.४ लाख असतात, कागदावर १.६८ येतात. तुमच्या बाबतीत हा फरक निर्णायक आहे: बाकी सगळं तेच ठेवून प्लेटलेट २.४ लाख धरल्या तर फिब-४ १.१२ येतो, म्हणजे थेट खालच्या गटात. म्हणून पुढच्या वेळी लॅबला सांगा की काचपट्टीवर स्मिअर बघून गुठळ्या आहेत का ते लिहा. असतील तर निळ्या झाकणाच्या सायट्रेट बाटलीत परत मोजतात आणि आलेल्या आकड्याला १.१ ने गुणतात, कारण त्या बाटलीतल्या द्रवाने रक्त पातळ झालेलं असतं. सुई टोचल्यावर रक्त हळूहळू ठिबकत आलं, बाटली लगेच हलवली नाही, तरी गुठळ्या होतात. ती नमुना घेणाऱ्याची चूक, तुमच्या रक्ताची नाही.

तिसरं याच्या उलट, आणि बायकांमध्ये जास्त. लोह कमी पडलं की प्लेटलेट वाढतात. पन्नाशीच्या बाईचा एसजीओटी ४८, एसजीपीटी ४४ आणि ॲनिमियामुळे प्लेटलेट ४.२ लाख झाल्या असतील तर फिब-४ ०.८६ येतो. लोह भरून निघाल्यावर प्लेटलेट २.१ लाखांवर आल्या की तोच आकडा १.७२. थॅलेसेमिया मायनरमध्ये तांबड्या पेशी इतक्या बारीक असतात की साधं मशीन त्यातल्या काहींना प्लेटलेट समजून मोजतं, परिणाम तोच. हिमोग्लोबिन कमी आणि एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) ८० च्या खाली असेल तर फिब-४ च्या दिलाशावर लगेच विश्वास ठेवू नये. याच माणसांत एचबीए१सी सुद्धा हुलकावणी देतो: लोहाच्या कमतरतेत तो खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. साखर पाहायची तर उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी, अशी प्रत्यक्ष पाहावी.

चौथं, स्नायू. एसजीओटी फक्त लिव्हरमध्ये नसतो, स्नायूंतही असतो, थोडा एसजीपीटीही. जिममध्ये नव्याने जड वजनं उचलली, गडाचा लांब ट्रेक केला, मॅरेथॉन धावली, की आठवडाभर दोन्ही वाढलेले राहू शकतात, एसजीओटी जास्त. वजन कमी करायला म्हणून जोरदार व्यायाम सुरू करायचा आणि दुसऱ्याच आठवड्यात लिव्हर बिघडलं म्हणून घाबरून तो सोडायचा, असा उलटा प्रकार होतो. शंका असेल तर त्याच रक्तात सीपीके (स्नायूंचं एन्झाइम) बघा. तो खूप वाढलेला असेल तर दोष स्नायूंचा. तपासणीआधी पाच-सात दिवस रोजचं चालणं ठेवा, अंगदुखी होईल असं काही नको.

पाचवं, फुटलेलं रक्त. तांबड्या पेशींत एसजीओटी सीरमपेक्षा कितीतरी पट असतो. नमुना घेताना सिरिंज जोरात ओढली, किंवा घरून घेतलेली बाटली उन्हाळ्यात दुपारपर्यंत स्कूटरच्या डिकीत राहिली, की पेशी फुटतात आणि एसजीओटी, पोटॅशियम दोन्ही वर जातात. रिपोर्टाखाली ‘नमुना हिमोलाइज्ड’ अशी ओळ बारीक अक्षरात असते, ती वाचा. शक्य असेल तर लॅबमध्ये जाऊनच रक्त द्या, आणि दरवेळी त्याच लॅबमध्ये. एन्झाइम मोजायच्या रसायनात बी६ जीवनसत्त्वाचं एक रूप घातलेलं असतं किंवा नसतं, त्यावर लॅबालॅबांत आकडे बदलतात. ३८ वरून ४४ झाला की लिव्हर बिघडलं असं नाही, कदाचित फक्त लॅब बदलली.

ट्रायग्लिसराइड आणि साखरेसाठी १० ते १२ तास उपाशी, पाणी चालेल. आदल्या रात्री लग्नाचं जेवण असेल तर तपासणी दोन दिवस पुढे ढकला.

आता १.६ चं काय करायचं. आधी दोन-तीन आठवड्यांत नीट पद्धतीने एकदा परत: सीबीसी स्मिअरसह, एसजीओटी, एसजीपीटी, जीजीटी, अल्ब्युमिन. फिब-४ १.३ च्या खाली आला तर तूर्त पुढच्या तपासण्या नकोत, वजनाकडे लक्ष द्या आणि वर्षाने परत मोजा. तुमची साखर मधुमेहाच्या अलीकडे आहे, मधुमेह किंवा चयापचयाचे दोन-तीन बिघाड असलेल्यांनी एक ते दोन वर्षांनी हा हिशेब करत राहावा असाच संकेत आहे. परत १.३ ते २.६७ मध्येच आला तर दुसरी पायरी: फायब्रोस्कॅन, नाहीतर रक्तातली ईएलएफ चाचणी.

फायब्रोस्कॅन लिव्हरचा ताठरपणा किलोपास्कलमध्ये मोजतं. ८ च्या खाली असेल तर फायब्रोसिस पुढे गेल्याची शक्यता कमी, १२ च्या वर असेल तर बरीच. तीन तास उपाशी जा. जेवल्यावर लिव्हरकडे रक्त वाढतं आणि आकडा फुगतो. लठ्ठ माणसाला एक्सएल प्रोब लागतो. तो नसेल तर मधल्या प्रोबने काढलेला आकडा चढा येऊ शकतो, म्हणून वेळ घेतानाच विचारा. रिपोर्टात दहा मोजण्या आणि आयक्यूआर-मध्यक गुणोत्तर (मोजण्या एकमेकींपासून किती विखुरल्या ते) ३० टक्क्यांच्या आत आहे ना, ते पाहा.

ईएलएफ रक्तावरच होते. हायल्युरोनिक ॲसिड, पी३एनपी आणि टिम्प-१ असे तीन पदार्थ मोजून एक आकडा काढतात. हे व्रणाच्या जाळ्याच्या घडामोडीतूनच रक्तात येतात, म्हणून एसजीपीटीपेक्षा प्रश्नाच्या जास्त जवळ. ९.८ किंवा वर म्हणजे पुढचं फायब्रोसिस असण्याची शक्यता, ११.३ च्या वर म्हणजे सिरॉसिसकडे वाटचाल. वय वाढलं की हाही थोडा वाढतो, आणि अंगात दुसरीकडे कुठे सूज किंवा व्रण भरून येत असेल, सांधेवात असेल, तर चढतो. आपल्याकडे मोठ्या शहरांत फायब्रोस्कॅन जास्त सहज मिळतं, म्हणून पहिली पसंती त्याला.

पॅकेजमधल्या बाकी मार्करबद्दल भराभर. सीके-१८ हा मरणाऱ्या लिव्हर पेशींचा तुकडा. सूज असलेलं आणि नसलेलं फॅटी लिव्हर वेगळं करेल अशी आशा होती, पण एकट्याच्या जोरावर निर्णय घ्यावा इतका तो पक्का नाही. व्रणाचा मार्कर प्रो-सी३ चांगला आहे, मुख्यतः औषधांच्या चाचण्यांत वापरतात. एनएफएस या फायब्रोसिसच्या आणखी एका स्कोअरमध्ये बीएमआय असल्यामुळे फार लठ्ठ माणसात तो फायब्रोसिस फुगवून दाखवतो; तुमचा ०.१ येतो, तोही मधल्याच पट्ट्यात, म्हणजे फिब-४ पेक्षा वेगळं काही कळत नाही. उपाशीपोटी इन्सुलिन आणि होमा-आयआर: इन्सुलिन मोजण्याच्या पद्धती लॅबालॅबांत जुळत नाहीत, आणि ९१ किलो वजन, १०६ कंबर असताना इन्सुलिन नीट लागू पडत नाही हे कळायला चाचणी लागत नाही. पीएनपीएलए३ हे जनुक काहींमध्ये धोका वाढवतं हे खरं, पण ते कळल्याने आज तुमचा उपचार बदलत नाही.

फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन) मात्र जरा थांबून बघण्यासारखं आहे. फॅटी लिव्हरमध्ये ते बऱ्याचदा ४००-५०० पर्यंत वाढतं, सुजेमुळे. लोक ‘लोह जास्त झालं’ म्हणून पालेभाजी सोडतात. तसं करू नका. ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन ४५ टक्क्यांच्या आत असेल तर लोह साठण्याचा आजार बहुधा नाही.

याहून जरुरीच्या तपासण्या वेगळ्याच आहेत आणि त्या पॅकेजमध्ये बहुतेक वेळा नसतात. एचबीएसएजी आणि अँटी-एचसीव्ही (हिपॅटायटिस बी आणि सी च्या तपासण्या) एकदा करून टाका. लठ्ठ माणसाला हिपॅटायटिस बी असू शकतो आणि सोनोग्राफीत चरबी दिसली की तो शोधायचं राहून जातं. टीएसएच (थायरॉइड) करा. एसजीपीटी दोन-तीनपट वाढलेला असेल तर एएनए, आयजीजी (प्रतिकारशक्तीच लिव्हरवर उलटली आहे का, यासाठी). वय चाळिशीच्या आत असेल तर सेरुलोप्लाझ्मिन (तांबं साठण्याच्या आजारासाठी). औषधांची यादी सोबत न्या: मेथोट्रेक्सेट, टॅमोक्सिफेन, ॲमिओडॅरोन, स्टेरॉइड, व्हॅल्प्रोएट, टीबीची औषधं. आणि काढे. करोनाच्या काळात गुळवेल घेतलेल्यांत लिव्हरला सूज आल्याची नोंद २०२१ मध्ये मुंबईतूनच प्रसिद्ध झाली होती. ‘लिव्हर साफ करणारं’ म्हणून जे काही घेत असाल ते तपासणीच्या आधी महिनाभर बंद करा, आणि डॉक्टरांपासून लपवू नका. स्टॅटिनचं उलट: एसजीपीटी थोडा वाढलेला आहे म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी मनाने सोडू नये. फॅटी लिव्हरच्या माणसाला धोका लिव्हरपेक्षा हृदयाचा जास्त असतो.

मुलांसाठी हे सूत्र नाही. लठ्ठ मुलात नऊ ते अकरा वर्षांच्या आसपास एसजीपीटी पाहतात, आणि तिथे मर्यादा मुलग्यांत २६, मुलींत २२ धरतात, लॅबची ४५ नाही. ८० च्या वर असेल तर बालरोगतज्ज्ञांनी लांबवू नये.

सरकारी पातळीवर, फेब्रुवारी २०२१ मध्ये फॅटी लिव्हर असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतलं गेलं. त्यामुळे मधुमेह-रक्तदाबासाठी सरकारी दवाखान्यात तपासणी करत असाल तर तिथेही फिब-४ बद्दल विचारायला हरकत नाही. लागणाऱ्या तपासण्या नेहमीच्याच आहेत.

वजन उतरायला लागलं की आकडे कसे बदलतात तेही सांगतो. वजनाच्या ३ ते ५ टक्के उतरलं की चरबी घटते, ७ ते १० टक्क्यांना सूज, आणि फायब्रोसिस मागे हटायला १० टक्के किंवा जास्त लागतं. तुमच्यासाठी म्हणजे ९१ वरून ८२ च्या आसपास. चार-सहा महिन्यांत एसजीपीटी ३८ वरून पंचविशीत आला तर दिशा बरोबर आहे. जीजीटी आणि ट्रायग्लिसराइड बहुतेक त्याच्या आधीच खाली येतात. क्रॅश डाएटमध्ये किंवा बेरिॲट्रिक शस्त्रक्रियेनंतर वजन झपाट्याने पडतं तेव्हा एसजीपीटी काही काळ उलटा वाढू शकतो. तो दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात परत मोजावा. फिब-४ मात्र इतक्या लवकर हलत नाही आणि दर तीन महिन्यांनी काढला तर वयाचा एक आकडा आणि प्लेटलेटच्या रोजच्या चढउतारानेच तो डोलत राहतो. तो वर्षातून एकदाच.

फायब्रोस्कॅन ८ च्या वर आलं तर गोष्ट लिव्हरतज्ज्ञाकडे जाते, कारण अमेरिकेत मान्यता मिळालेली रेस्मेटिरोम (मार्च २०२४) आणि सेमाग्लुटाइड (ऑगस्ट २०२५) ही औषधं मधल्या ते पुढच्या टप्प्याच्या फायब्रोसिससाठी आहेत, नुसत्या ग्रेड २ साठी नाहीत. तिथे जाताना सोनोग्राफीच्या फिल्मपेक्षा गेल्या चार-पाच वर्षांतले सीबीसीचे जुने रिपोर्ट जास्त कामाचे. प्लेटलेट २०२१ मध्ये २.६ लाख, २०२३ मध्ये २.१ आणि आता १.६८ अशा उतरत आल्या असतील, तर त्यातला प्रत्येक रिपोर्ट नॉर्मल असूनही डॉक्टर एलास्टोग्राफी (फायब्रोस्कॅनसारखी ताठरपणाची तपासणी) त्याच आठवड्यात करायला सांगतील. पाच वर्षं १.७ च्या आसपासच असतील, तर घाई नाही.